प्रतिपिंड : पेशीचक्राचा साक्षीदार

इतिहासाच्या तासाला सनदा आणि शिक्के यांचा विषय निघाला म्हणजे एक गोष्ट आम्हांस पुन:पुन्हा सांगावी लागते. कागद पिवळा पडला आहे एवढ्यावरून तो अस्सल ठरत नाही. मोर्तब पाहावे, शाई पाहावी, कारकुनाच्या अक्षराचे वळण पाहावे, त्याच सुमाराचे दुसरे पत्र मिळाल्यास त्याच्याशी ताडून घ्यावे आणि मगच त्या कागदाची साक्ष ग्राह्य मानावी. शास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र असली कटकट नसते, तेथे सर्व काही उघड्या डोळ्यांनी दिसते, असे पुष्कळांना वाटते. विद्यार्थिमित्रहो, वस्तुस्थिती तशी नाही. तेथेही कागदपत्रांसारखेच पुरावे असतात, साक्षीदार असतात, आणि त्या साक्षीदारांत सच्चे असतात तसे बनेलही असतात. अशाच एका साक्षीदाराची ओळख करून देण्याचा आमचा मानस आहे.

कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर विभाजन पावणाऱ्या पेशी तुम्हांला दिसतात. काळपट दोऱ्यांसारखी गुणसूत्रे मध्यभागी रांगेत उभी राहतात, मग दोन बाजूंना ओढली जातात, हे सारे तुम्ही वहीत काढलेले असते. पण हा सोहळा केव्हा सुरू करावयाचा, याची आज्ञा कोण देतो? ती आज्ञा देणारे प्रथिन या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्याची रुंदी अवघी चार-पाच नॅनोमीटर. म्हणजे अशी सुमारे दोन लाख प्रथिने एकापुढे एक मांडावी तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. शिवाय पेशीत हे एकच प्रथिन नसते. हजारो प्रकारच्या प्रथिनांच्या गर्दीत ते मिसळलेले असते. जत्रेत हरवलेले मूल शोधण्यासाठी त्याला ओळखणारे माणूस बरोबर घ्यावे लागते. प्रथिनांच्या जत्रेत हे ओळखीचे माणूस म्हणजे प्रतिपिंड होय.

परंतु ज्याला शोधावयाचे, त्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात, आणि त्या सर्व एकाच पेशीपासून झालेल्या असतात. एका पेशीच्या दोन पेशी होण्याच्या फेऱ्याला पेशीचक्र म्हणतात. पेशी प्रथम वाढते; नंतर आपल्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, दुसरी प्रत तयार करते; मग थोडे थांबते; आणि अखेर दुभंगते. प्रयोगशाळेत वाढविलेली मानवी पेशी हा फेरा साधारणपणे एका अहोरात्रात पुरा करते, आणि त्यातील प्रत्यक्ष दुभंगण्याला एखादा तास पुरतो. नक्कल पुरी होण्याआधीच पेशी दुभंगली, किंवा थांबावयाचे तेथे थांबलीच नाही, तर काय ओढवते हे सांगावयास नको. कर्करोग हा मुळात पेशीचक्राला लगाम न राहिल्याचा रोग आहे.

हा लगाम कोणाच्या हाती असतो, याचा शोध फार साध्या जीवापासून लागला. स्कॉटलंडातील एडिंबरो येथे पॉल नर्स हे तरुण संशोधक एका किण्वाचा, म्हणजे यीस्टचा, अभ्यास करीत होते. हे किण्व पूर्व आफ्रिकेत भरड धान्याच्या मद्यात सापडले होते आणि स्वाहिली भाषेत मद्याला 'पोंबे' म्हणतात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही 'पोंबे' हा शब्द आला. यातील काही पेशी नेहमीच्या आकाराला पोचण्यापूर्वीच दुभंगत, त्यामुळे त्या खुज्या राहत. खुजेपणाला स्कॉटलंडात 'वी' असा लाडका शब्द आहे. नर्स यांनी त्या जनुकाला तेच नाव दिले, आणि आज जगभरच्या गंभीर ग्रंथांतून 'वी-१' हे नाव विराजमान आहे. शास्त्रज्ञांना शब्दांची गोडी नसते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! पुढे दिसून आले की या साऱ्या कारभाराच्या मध्यभागी आणखी एक जनुक आहे. त्याचे नाव सीडीसी-२. अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांना पावाच्या किण्वात त्याचेच भावंड सापडले होते.

सीडीसी-२ या जनुकापासून होणारे प्रथिन हे एक कायनेज आहे. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा लहानसा गट चिकटविणारे विकर. फॉस्फेट बसला की त्या प्रथिनाचे वागणे पालटते. निजलेले जागे होते किंवा जागे असलेले निजते. सीडीसी-२ हे कायनेज कामास लागले की पेशी दुभंगण्याच्या तयारीस लागते. १९८७ साली मेलनी ली व पॉल नर्स यांनी एक धाडसाचा प्रयोग केला. ज्या किण्वातील सीडीसी-२ बिघडले होते आणि म्हणून जे दुभंगू शकत नव्हते, त्यात त्यांनी मानवी जनुकांचे तुकडे सोडले. त्यांपैकी एका तुकड्याने किण्वाचे अडलेले काम पुन्हा सुरू केले! किण्वाचे आणि मनुष्याचे पूर्वज शंभर कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले असतील. तरीही मनुष्याचे हे प्रथिन किण्वाच्या घरी जाऊन निमूटपणे चाकरी करू लागले. आज त्या मानवी प्रथिनाला सीडीके-१ म्हणतात. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही जुनेच नाव चालवितो.

आता प्रतिपिंडाकडे वळू. शरीरात परका पदार्थ शिरला म्हणजे रक्तातील काही पेशी त्याला नेमके चिकटेल असे प्रथिन बनवितात; तेच प्रतिपिंड. १८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचले असता त्यालाही संरक्षण मिळते. आपल्याकडे या विद्येचे घर म्हणजे मुंबईत परळ येथील हाफकिन संस्था. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचावयाचे, मात्रा हळूहळू वाढवीत न्यावयाची, आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे सर्पदंश झालेल्या माणसाला द्यावयाची, ही रीत तुम्ही ऐकली असेल. फुरशाचे भय किती असते हे कोकणपट्टीतल्या माणसाला विचारावे. तेथे अशा एका बाटलीवर घरचा कर्ता पुरुष परत आल्याची उदाहरणे गावोगाव सांगतात.

घोड्याचे प्रतिपिंड माणसाचा जीव वाचविण्यासाठी असते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत, ते केवळ ओळख पटविण्यासाठी असते. करणी मात्र एकच. प्रथिन ही जणू वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेली ओळ आहे; ही वीस अक्षरे म्हणजे वीस ॲमिनो आम्ले. मनुष्याच्या सीडीसी-२ मध्ये अशी २९७ अक्षरे आहेत. त्यांतील दहा-पंधरा अक्षरांचा एखादा तुकडा कृत्रिम रीतीने तयार करतात. एवढासा तुकडा सशाला टोचला तर सशाचे शरीर त्याची दखल घेत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील खडकांना चिकटून राहणाऱ्या एका शंखधारी प्राण्याच्या निळसर रक्तातील प्रथिन यासाठी फार वापरले जाते. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-चार वेळा टोचल्यावर सशाच्या रक्तात त्या तुकड्याला ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात.

यात एक अडचण असते. एका सशाचे रक्तजल संपले की संपले. दुसऱ्या सशाचे नेमके तसेच निघेल याची हमी नाही. या अडचणीवर १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर व सेझार मिल्स्टाइन यांनी तोड काढली. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनविणारी पेशी त्यांनी कर्करोगाच्या पेशीशी जुळविली. पहिलीकडून ओळखण्याची विद्या आली, दुसरीकडून न मरण्याचे वरदान आले. अशी एक पेशी वाढवीत नेली म्हणजे एकाच साच्यातील प्रतिपिंड वर्षानुवर्षे मिळत राहते. १९८४ साली या दोघांना, नील्स येर्ने यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीचक्राचा लगाम शोधण्यासाठी वापरावयाचे हत्यार ज्या पेशीत तयार होते, त्या पेशीचे स्वत:चे चक्र बेलगाम असते, ही मौज आम्हांस नोंदविल्यावाचून राहवत नाही.

आता मुख्य साक्षीकडे येऊ. १९७१ साली योशियो मासुई आणि क्लेमंट मार्केर्ट यांनी बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखविले होते की, परिपक्व होत असलेल्या अंड्यातील द्रव्याचा थेंब दुसऱ्या निद्रिस्त अंड्यात टोचला, तर तेही परिपक्व होऊ लागते. त्या द्रव्यात आज्ञा देणारे काहीतरी होते. पण ते काय, हे पुढे बरीच वर्षे कळले नाही. ते शुद्ध स्वरूपात हाती आले १९८८ साली, अमेरिकेतील डेन्व्हर येथे जेम्स मॅलर यांच्या प्रयोगशाळेत. त्यात मुख्यत: दोन प्रथिने दिसली. एकाचा रेणुभार सुमारे ३२ हजार, दुसऱ्याचा सुमारे ४५ हजार.

म्हणजे एकीकडे बेडकाच्या अंड्यात आज्ञा देणारे, पण नाव-गाव नसलेले प्रथिन. दुसरीकडे किण्वात नाव-गाव असलेले सीडीसी-२, पण बेडकाशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या जीवांवर, निरनिराळ्या रीतींनी चाललेल्या या दोन शोधांची गाठ कशी पडावी? येथे प्रतिपिंड साक्षीला उभे राहिले. किण्वाचे सीडीसी-२ आणि मनुष्याचे सीडीसी-२ ताडून पाहता सोळा अक्षरांचा एक तुकडा दोहोंत जसाच्या तसा आढळला होता. त्या तुकड्यातील काही अक्षरांची इंग्रजी संक्षिप्त नावे ओळीने पी, एस, टी, ए, आय, आर अशी येतात. म्हणून त्याला 'पीस्टेअर' म्हणू लागले. जो तुकडा शंभर कोटी वर्षांत बदलला नाही, तो बेडकातही तसाच असणार, हे अनुमान ओघानेच आले. या तुकड्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड बेडकाच्या शुद्ध द्रव्याला लावून पाहिले. त्याने ४५ हजारांच्या प्रथिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ३२ हजारांचे प्रथिन मात्र त्याने नेमके पकडले. बेडकाच्या अंड्यातील अनामिक आज्ञाधिकारी म्हणजे किण्वातील सीडीसी-२ चेच बेडूक-रूप होते! दुसरे प्रथिन सायक्लिन असल्याचे पुढे दोन वर्षांत निश्चित झाले. टिमथी हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात समुद्रातील अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत ते पाहिले होते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी ते वाढून एकाएकी नाहीसे होई. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंडाला कोणी हारतुरे घातले नाहीत, पण किण्व आणि बेडूक यांची गाठ घालून देण्यात त्याचा वाटा मोठा होता.

साक्ष घेतात कशी, हेही थोडक्यात सांगतो. पेशी फोडून त्यांतील सर्व प्रथिने एका लिबलिबीत जेलच्या पातळ थरातून विजेच्या दाबाने पळवितात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती जशीच्या तशी एका पातळ पडद्यावर उमटवून घेतात. त्या पडद्यावर प्रतिपिंड सोडले की ते आपल्या ओळखीच्या प्रथिनापाशी जाऊन बसते. त्यावर दुसरे, प्रकाश देणारी खूण लावलेले प्रतिपिंड सोडतात. आणि मग त्या जागी एक काळी पट्टी उमटते. या रीतीला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. हे नाव विनोदातून आले आहे. डीएनएसाठी अशीच रीत काढणाऱ्या गृहस्थांचे आडनाव सदर्न, म्हणजे 'दक्षिणेकडील' असे होते. पुढच्यांनी त्यावर कोटी करून आपल्या रीतींना उत्तर आणि पश्चिम या दिशा वाटून दिल्या.

एवढ्यावर थांबलो तर प्रतिपिंड हा देवमाणूस वाटेल. म्हणून उलटतपासणी हवी.

जुन्या ग्वाल्हेरच्या दरबाराची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. दुरून एखाद्याच्या मस्तकावर शिंदेशाही पगडी दिसली, तर हा माणूस शिंद्यांच्या दरबारातला, एवढे खात्रीने सांगता येते. पण तो सरदार की कारभारी, अमुक की तमुक, हे पगडीवरून कळत नाही. पीस्टेअर प्रतिपिंडाचे असेच आहे. ते पगडी ओळखते, माणूस ओळखत नाही. मनुष्याच्या पेशीत सीडीसी-२ ची भावंडे आहेत. त्यांपैकी सीडीके-२ आणि सीडीके-३ यांच्या मस्तकावर हीच पगडी असते. सीडीके-४ च्या पगडीची घडी मात्र वेगळी, म्हणून ते या प्रतिपिंडाच्या नजरेतून सुटते. बेडकाच्या शुद्ध केलेल्या द्रव्यात दोनच प्रथिने होती, तेव्हा पगडी ओळखणारा साक्षीदार पुरेसा होता. मनुष्याच्या पेशीच्या गर्दीत त्याच साक्षीदाराला 'हा अमुकच काय?' असे विचारले, तर त्याच्या होकाराचे मोल पुष्कळच कमी होते. साक्षीदार तोच, सच्चेपणाही तोच; प्रश्न बदलला की साक्षीचे वजन बदलते. या लेखात एवढी एकच गोष्ट ध्यानात राहिली तरी आमचे श्रम सार्थकी लागतील.

दुसरी एक साक्ष याहून नाजूक आहे, आणि भाषेच्या शिक्षकाला ती विशेष जवळची वाटते. सीडीसी-२ पेशीत आहे एवढे कळून भागत नाही, कारण ते जवळजवळ सर्वकाळ तेथे असतेच. ते कामावर आहे की त्याला बसवून ठेवले आहे, हे कळावयास हवे. मघाशी ज्या 'वी-१' चे नाव आले, ते स्वत:ही एक कायनेज आहे. ते सीडीसी-२ च्या पंधराव्या अक्षरावर, टायरोसीन नावाच्या आम्लावर, फॉस्फेट चढवून ठेवते. तो फॉस्फेट असेपर्यंत सीडीसी-२ गप्प राहते. विभाजनाची वेळ झाली की सीडीसी-२५ नावाचे दुसरे विकर तो फॉस्फेट उतरविते आणि कारभार सुरू होतो. २९७ अक्षरांच्या ओळीत एका अक्षरावरचे एक चिन्ह. पेशी दुभंगणार की थांबणार हे त्यावर ठरते.

तुमच्या आजोबांच्या पुस्तकांत 'नांव' आणि 'नाव' असे दोन शब्द वेगळे लिहिलेले सापडतील. पहिले माणसाचे, दुसरी नदीतली. नांव बुडणे निराळे आणि नाव बुडणे निराळे! मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हापासून दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात आणि वाचकाने अर्थ संदर्भावरून लावावयाचा असतो. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी मात्र 'नांव' आणि 'गांव' अजून नाकातूनच उच्चारले जातात. ग्वाल्हेरीस कितीही वर्षे काढली तरी ती सवय जात नाही, आणि आमच्या वर्गातील मुलांना तिची गंमतही वाटते. सांगावयाचे ते हे की, ज्या कानाला तो अनुनासिक ऐकू येतो, त्याला दोन शब्द वेगळे कळतात. ज्याला येत नाही, त्याला एकच शब्द ऐकू येतो. टायरोसीन-१५ वरील फॉस्फेटसाठी खास तयार केलेले प्रतिपिंड हा असा कान आहे. फॉस्फेट असेल तरच ते सीडीसी-२ ला चिकटते. फॉस्फेट नसेल तर तेच प्रथिन समोर असूनही त्याला ओळख देत नाही.

या कानाची परीक्षा कशी घेतात? एक परीक्षा सोपी आहे. पडद्यावरील प्रथिनांवर फॉस्फेट उतरविणारे विकर आधी ओतावयाचे. पट्टी नाहीशी झाली तर प्रतिपिंड खरोखर फॉस्फेटच पाहत होते. नाही झाली, तर ते दुसरेच काहीतरी पाहत होते. याहून पक्का पुरावा १९८९ साली कॅथलीन गुल्ड आणि पॉल नर्स यांनी किण्वात दाखविलेल्या मार्गाने मिळतो. त्यांनी पंधराव्या जागेवरील टायरोसीन काढून तेथे फेनिलॲलॅनिन बसविले. या दोन आम्लांत ऑक्सिजनच्या एका अणूचा काय तो फरक. पण फॉस्फेट नेमका त्याच जागी चढतो. तो नसल्याने फॉस्फेट बसेना, आणि किण्वाच्या पेशी वेळेआधीच दुभंगू लागल्या. असे प्रथिन समोर ठेवले असता सच्च्या प्रतिपिंडाने गप्पच बसले पाहिजे. एरवी प्रतिपिंडाची सर्वांत कडक परीक्षा म्हणजे ज्या पेशीत ते प्रथिन मुळीच नाही तीत ते लावून पाहणे. परंतु सीडीसी-२ च्या बाबतीत ही परीक्षा सहजासहजी घेता येत नाही. कारण ज्या पेशीत ते नाही, ती दुभंगतच नाही, मग तशा पेशींची वाढ करणार कोठून? तेव्हा त्याचे प्रमाण थोड्या काळापुरते घटवून पट्टी फिकी होते का, हे पाहण्यावर समाधान मानावे लागते.

शिवाय याही कानाला एक खोड आहे. सीडीके-२ मध्येही पंधरावे अक्षर टायरोसीनच आहे आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरे हुबेहूब सीडीसी-२ सारखी. त्यामुळे फॉस्फेट कोणाच्या अंगावर आहे, हे हा साक्षीदार एकटा सांगू शकत नाही. आणखी एक मजेची गोष्ट. पडद्याच्या मोकळ्या जागी प्रतिपिंड उगाच चिकटू नये म्हणून पडदा आधी साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या पाण्यात बुडवितात. होय, चहात घालतात तसल्याच भुकटीच्या! परंतु दुधातील मुख्य प्रथिन जे केसीन, त्यावर स्वत:वरच पुष्कळ फॉस्फेट असतात. म्हणून फॉस्फेट ओळखणारी प्रतिपिंडे वापरताना पुष्कळ जण दूध टाळतात आणि गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन वापरतात.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रुग्णालयात आहे. पेशीचक्रातील कायनेजांना अडविणारी औषधे आता खरोखर दिली जातात. सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिब या औषधाला स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. 'वी-१' ला रोखणारी औषधेही रुग्णांवर तपासली गेली आहेत, आणि औषध पेशीपर्यंत पोचून आपले काम करते आहे की नाही, हे ठरविताना टायरोसीन-१५ वरचा फॉस्फेट घटला काय, हेच पाहिले गेले. साक्षीदार खोटा निघाला तर निष्फळ औषधाला गुणकारी ठरविले जाईल, किंवा गुणकारी औषध टाकून दिले जाईल. रोग्याला यातले काही कळणार नाही. बाजारात मिळणारी कितीतरी प्रतिपिंडे लेबलावर लिहिलेल्या प्रथिनाखेरीज भलत्याच प्रथिनांना चिकटतात, ही गोष्ट आता उघड झाली आहे. २०१५ साली शंभरांहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकातून एकमुखाने मागणी केली की, प्रतिपिंडांची घडण अक्षरश: नोंदवून ती पुन्हा तशीच तयार करता येतील अशी व्यवस्था व्हावी. शास्त्रज्ञांनी आपल्याच हत्यारांविरुद्ध अशी जाहीर फिर्याद करावी, हे आम्हांस त्या शास्त्राच्या प्रकृतीचे सुचिन्ह वाटते. ज्या दप्तरखान्यात बनावट कागदाची चर्चाच होत नाही, त्याच्याविषयी शंका घ्यावी.

आपल्या देशात या विद्येची पायाभरणी मराठी मंडळींच्या हातून झाली, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. मुंबईत परळ येथे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या; त्यांचे वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कमलाबाई अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेच्या भांड्यात जगविण्याची विद्या शिकून आल्या आणि त्यांनी मुंबईस ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी भांड्यात जगवता येऊ लागल्या म्हणून तर तिच्या चक्राचा अभ्यास शक्य झाला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परळच्या त्या केंद्राचाच वंशविस्तार म्हणजे नवी मुंबईतील खारघर येथील 'ॲक्ट्रेक' ही संस्था. डीएनएला इजा झाली असता सीडीसी-२५ ला दूर ठेवून पेशीला थांबविणारे एक प्रथिन आहे. त्याचे नाव अंकांनीच लिहितात, १४-३-३. ते नाहीसे झाले तर पेशी इजा घेऊनच विभाजनात शिरते, हे या संस्थेतील संशोधकांनी २००८ साली दाखविले. पुण्यास राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशी तेथून पुरविल्या जातात.

आणि ग्वाल्हेर? झाशी रोडवरून जाताना ज्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भिंती तुम्ही पाहता, तिचा उगम जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने निघालेल्या औद्योगिक संशोधनशाळेत आहे. पेशीचक्र हा तिचा विषय नव्हे. पण डेंग्यू, विषमज्वर यांसारखे रोग ओळखण्याची साधने तिने तयार केली आहेत, आणि अशा साधनांत काम करणारे असते ते प्रतिपिंडच.

तुमच्यापैकी पुष्कळांनी करोनाच्या साथीत नाकातील द्रवाची पट्टीवरची चाचणी पाहिली असेल. त्या पट्टीवर दोन रेषा उमटण्याची सोय असते. रोग असेल तर उमटते ती रेषा सर्वांना ठाऊक आहे. दुसरी, 'सी' अक्षरासमोरची, रोग असो वा नसो, उमटलीच पाहिजे. तेथे बसविलेले प्रतिपिंड विषाणूला ओळखत नाही. पट्टीवरून वाहत आलेल्या रंगीत प्रतिपिंडालाच ते पकडते, आणि पहिला साक्षीदार जागेवर पोचला, एवढेच सांगते. 'सी' ची रेषा उमटली नाही, तर पहिल्या रेषेकडे पाहावयाचेच नाही. ती पट्टी टाकून द्यावयाची आणि नवी घ्यावयाची.